गवत पिवळं पडायच्या आत

घराला चाकं नसणं ही माणसाच्या बुद्धीतली फार मोठी खोट आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मी दौंडमध्ये घरांचे नकाशे काढून पोट भरणारा माणूस. कुणाचं घर हद्दीपासून किती मागे सरकवायचं, जिना कुठून चढवायचा, नियमापुरती स्कूटरची जागा कागदावर कशी दाखवायची, यातच माझे केस पांढरे झाले. घर म्हटलं की पाया आणि पाया म्हटलं की खड्डा, एवढं माझ्या हाडात भिनलेलं. आणि या गृहस्थांनी मला माझ्या लग्नाच्या मांडवात, डोक्यावरच्या अक्षताही झटकून झाल्या नव्हत्या तेव्हा, सगळ्या पाहुण्यांदेखत ऐकवलं, "जावईबापू, तुमी शिकल्याली मान्सं आदी खड्डा खंता आन् मग त्यातच सोताला गाडून घेता. त्याला घर म्हन्ता व्हय?" माझा आ वासलेला तसाच राहिला. लग्नाच्या एका फोटोत तो आजही दिसतो.

मामांचा जन्म वाटेवरचा. त्यांचे वडील मेंढरामागे फिरणारे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत देशावर चढायचं. संसार घोड्याच्या पाठीवर, संसाराच्या वर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी बांधलेलं पोर, म्हणजे आमचे मामा. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि घराणं मांडवगण फराट्याला स्थिरावलं. घराणं स्थिरावलं, मामा नाहीत; ते मामींना घेऊन गावोगाव मुक्काम हलवतच राहिले. मुलाने शेताच्या कडेला चांगला स्लॅबचा बंगला बांधला, तर हे अंगणात घोंगडी टाकून झोपायचे. "स्लॅबाखाली निजलं की छाताडावर कुनीतरी बसल्यागत वाटतं," असं म्हणायचे आणि पावसाळ्यात गोठ्यात जायचे. जुन्या चालीतला एक नियम मात्र त्यांनी जिवापाड जपला होता. मुक्काम टाकला की अंथरुणाजवळचं गवत बघायचं, आणि ते पिवळं पडायच्या आत उठायचं. "गवत पिवळं पडलं म्हंजी भुई म्हन्ती, आता पुरं झालं. तिला दोनदा बोलाय लावू न्हाई," हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे, की हसायला आलेला माणूसही ओशाळायचा.

तर अशा या मामांनी साठी उलटल्यावर एका मोडीत निघालेल्या ऊसवाहू ट्रॉलीवर घर बांधलं. मला बोलावणं आलं ते घर बघायलाच. मी बघितलं आणि मटकन खाली बसलो. ट्रॉलीवर लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, आतून फळ्या, वर कौलासारखा रंग दिलेलं छप्पर आणि छपरातून बाहेर आलेलं धुराडं. खिडकी रेल्वेच्या भंगारातून आणलेली, वर ढकलायची, तिच्यावर 'बाहेर डोकावू नये' ही सूचना शाबूत. आत एक बाज, एक मांडणी, मोरी म्हणून एक परात आणि तीन दगडांची चूल. बाजूला सोडायचं साईड मार्जिन नाही, पार्किंग नाही, कसली परवानगी नाही. खर्च विचारावा तर मामा पैशांत बोलायचेच नाहीत. सगळा हिशेब मेंढ्यांत. दाराला दोन मेंढ्या पडल्या, पत्र्याला अकरा, खिडकी एका कोकरात आली. मग त्यांनी माझ्या दौंडच्या फ्लॅटची चौकशी केली. मी आकडा सांगितल्यावर बराच वेळ बोटं मोजली आणि डोळे विस्फारून मामींकडे बघत म्हणाले, "आगं, जावईबापूंनी आख्खा कळप इकून तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या घेतल्या! आन् खाली सोताची म्हनायला कोंबडी पुरायची भुई न्हाई!" त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

या घराचा एक दोष मात्र बांधून झाल्यावर कळला. मुक्कामाचं तोंड सूर्याकडे असावं हीदेखील जुनी चाल, आणि मामी या बाबतीत मामांपेक्षा कडक. दार पूर्वेला नसेल तर त्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. आता ट्रॉलीला दार एकच, तेही बाजूला. म्हणजे जिथे जाल तिथे, रस्ता कसाही असो, ट्रॉली फिरवून फिरवून दार उगवतीला आणायचं. पहिल्यांदा हे घर दौंडला आलं ते आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये. रविवारची सकाळ होती. ट्रॅक्टरचा आवाज, आरडाओरडा आणि "घ्या, घ्या, अजून घ्या," असं ऐकू आलं म्हणून गॅलरीत आलो, तर चाकांवरचं घर फाटकात आडवं अडकलेलं, मागे दुधाचा टेंपो, त्यामागे रिक्षा, आणि मामी हातात तुळशीचा डबा घेऊन रस्त्यावर उभ्या. "उगवत तिकडं हाय, तिकडं!" त्या ट्रॅक्टरवाल्याला बजावत होत्या. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लुंगीवर खाली धावले.

"हे काय आहे? कोण आहे हे? ही पार्किंगची जागा आहे!"

"मग पार्किंगच करतुया न्हवं," मामा शांतपणे म्हणाले. "पाव्हण्याची गाडी हाय."

सेक्रेटरी घराकडे बघत राहिले. धुराड्यातून धूर यायला लागला होता. मला वर गॅलरीत दरदरून घाम फुटला होता. ते घर आमच्याकडे राहिलं तितके दिवस सगळ्या स्कूटरी रस्त्यावर उभ्या होत्या. तरी लोक निभावून घेत होते, कारण मामी तिन्ही मजल्यांवर गरम भाकरी आणि ठेचा पोचवत होत्या. चौथ्या दिवशी सेक्रेटरींच्या पत्नी खाली येऊन मामींकडून भाकरी थापायला शिकताना दिसल्या. पण पार्किंगमध्ये गवत कुठलं? मामांना तिथे उठायची वेळच कळेना, त्यामुळे ते अस्वस्थ झाले आणि आपणहून निघाले.

सरकारी माणसासमोर मामांची दोन उत्तरं तयार असायची, आणि ती सोयीप्रमाणे बदलायची. वरवंडजवळ हायवेला एकदा पोलिसाने त्यांना अडवलं, तेव्हा दुर्दैवाने मी आत बाजेवर बसलेलो होतो. गाडी चालू असताना मामी पिठलं हाटत होत्या. मी नको नको म्हणतच होतो.

"याचे कागद कुठे आहेत? पासिंग कुठे आहे?" पोलिसाने विचारलं.

"घराला कसलं पासिंग, सायेब? घर हाय हे. चूल बघा, बायकू बघा, आतमंदी जावई बघा."

पोलिसाने रेल्वेच्या खिडकीतून आत बघितलं. मी त्याला नमस्कार केला. 'बाहेर डोकावू नये' या अक्षरांखाली आमची दोघांची तोंडं समोरासमोर आली, आणि कोण जास्त हादरलं होतं हे आजही मला सांगता येणार नाही. पुढे पालिकेचा माणूस घरपट्टीचं विचारायला आला की तेच मामा चाकावर थाप मारून म्हणायचे, "घर कुठं? वाहान हाय. हवा बघा भरल्याली." रस्त्यावर घर, गावात वाहन. मी नियमांनी चालणारा माणूस, हे ऐकलं की तिथून काढता पाय घ्यायचो.

शेवटी या घराला नदीकाठी जागा मिळाली. दौंड मामांना आवडायचं. "ह्ये जंक्शन हाय. हितं कुनी ऱ्हात न्हाई, समदी निघाल्याली आसत्यात," असं त्यांचं मत. आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराने भीमेच्या काठाला हौसेने प्लॉट घेतला होता. नंतर पूररेषा आखली गेली आणि प्लॉट नेमका निळ्या रेषेच्या आत सापडला. निळ्या रेषेच्या आत वीटसुद्धा रचता येत नाही. दुकानदार कपाळाला हात लावून माझ्याकडे आला तेव्हा मामा तिथेच बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "बांधायला बंदी हाय. थांबायला कुटं हाय?" आणि दुसऱ्याच दिवशी घर नदीकाठी, दार पूर्वेला, समोर भीमेचं पात्र. दुकानदार खूश, प्लॉटवर कुणी कचरा टाकेना. मी मात्र नकाशावरच्या त्या निळ्या रेषेकडे बघून रोज धसका घ्यायचो.

मामा तिथेही मुक्कामापुरतेच आले होते. सकाळी काठी घेऊन निघायचे ते दिवसभर पुढची जागा शोधत फिरायचे. गोपाळवाडीकडे जा, लिंगाळीकडे जा, दिवेलागणीला परत. आल्या आल्या पुढच्या दांडीपाशी, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या त्या लोखंडी दांडीपाशी, वाकून गवत बघायचे. गवत हिरवंगार. "हाय आजून," म्हणायचे आणि जेवायला बसायचे. आठवडे गेले, महिने गेले, उन्हाळा लागला. सगळा काठ करपून गेला, पण दांडीखालचं गवत पोपटासारखं हिरवं. मामा बुचकळ्यात पडले. "लई मायेची भुई हाय ही," असं मलाही दोनतीनदा म्हणाले.

एकदा भर दुपारी मी काही निरोप घेऊन गेलो, तर मामी कळशी घेऊन त्या गवताला पाणी घालत होत्या. मला बघून त्या चपापल्या. मीही जागच्या जागी थिजलो.

"मामी, हे काय?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "जावईबापू, ह्यांना सांगू नगा. लगीन झाल्यापासनं चालतीयाच मी. धा गावचं पानी प्याले, पर येका उंबऱ्यापुढं दुसऱ्या वर्साची रांगोळी न्हाई घातली कवा. येवढी येक जागा मला ऱ्हाऊ द्या."

मग त्यांनी मला चाकांपुढे लावलेला गोणपाटाचा पडदा बाजूला करून दाखवला. मी पुन्हा हबकलो. आधी एक दगड ठेवला होता, हंडा टेकवायला. मग उंदीर शिरू नयेत म्हणून माती. मग वारा लागू नये म्हणून आणखी माती. मामा घरी नसताना त्या माउलीने चारी बाजूंनी ओटा चढवला होता, सारवला होता, त्याला गेरूची रेघ ओढली होती आणि दोन चाकांच्या मध्ये दिवा ठेवायला एक दिवळी केली होती. पडद्याआड सगळं, कारण मामांनी पाहिलं तर ते त्याच दिवशी ट्रॅक्टर बोलावतील. नवऱ्याला निघायचं होतं, बायकोला राहायचं होतं, आणि दोघांचा सगळा संसार तेवढ्या मूठभर गवतावर उभा होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची माझी छातीच झाली नाही.

पावसाळ्यापूर्वी काठाची पाहणी सुरू झाली आणि एक तरुण साहेब टेप घेऊन मामांच्या दारात आले. मामांनी मला बोलावून घेतलं. साहेब सभ्य होते. त्यांनी चहा घेतला, घर बघितलं, हसले आणि म्हणाले, "बाबा, सरळ सांगतो. घर असेल तर इथे राहता येणार नाही, उद्या पाणी आलं तर जिवावर बेतेल. वाहन असेल तर माझी हरकत नाही. पण मग ते हलवून दाखवा. आणि यापुढे खाली काही बांधायचं नाही, पाणी वाढलं की ताबडतोब काढायचं."

"येवढंच ना?" मामांना हसूच आलं. "आत्ता दावतो की!"

मी मामींकडे बघितलं. त्या दाराला धरून उभ्या होत्या, तोंडावर पदर.

ट्रॅक्टर आला. दांडी जोडली. काठावर गर्दी जमली, आमचे सेक्रेटरीही कुठून कोण जाणे तिथे पोचले होते. मामांनी फेटा सारखा केला आणि हात वर केला. ट्रॅक्टरने जोर लावला. घर कण्हलं. मांडणीवरची भांडी खणाणली, धुराडं हललं, पण चाक हलेना. दुसऱ्या जोराला ट्रॅक्टरचीच पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. लोक हसायला लागले. मामांचा चेहरा उतरला. ते वाकले, गोणपाट बाजूला केलं आणि तसेच वाकलेले राहिले.

गर्दीतून कुणीतरी पहार पुढे केली. "फोडा मामा, मातीचाच हाय!" खरं होतं. दोन घाव घातले असते तर चाकं मोकळी झाली असती, साहेबांनी वाहन लिहिलं असतं, आणि नदीकाठ मामांना कायमचा मिळाला असता. मामांनी पहार हातात घेतली.

"कवाधरनं?" त्यांनी मामींना विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासनं."

"आन् गवात?"

"पानी घालत व्हते."

कुठल्याही माणसाला तयार उत्तर देणारा हा गडी हातातल्या पहारेकडे बघत राहिला, आणि मला त्याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला. मामी पुढे आल्या. "फोडा," त्या म्हणाल्या. "माजं काय न्हाई. पर आदी दिवा काढून घेऊ द्या." त्या खाली बसल्या, दिवळीत हात घातला आणि पितळेची लहानशी समई बाहेर काढली. सकाळची वात अजून ओली होती.

मामांनी पहार खाली टाकली. ती दगडावर खणकन वाजली.

"सायेब," ते म्हणाले, "लिहा. घर हाय."

साहेब गोंधळले. "बाबा, घर म्हटलं तर इथून जावं लागेल. हा ओटा काढलात तर..."

"कळतंय मला. घरच हाय ते. लिहा."

साहेबांनी लिहिलं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि गर्दीत आमचे सेक्रेटरी उभे होते.

पुढच्या आठवड्यात मामांनी तो ओटा फोडला नाही, सोडवला. खुरप्याने, ढेकूळ ढेकूळ करून. सगळी माती पोत्यांत भरून घराबरोबर मांडवगणला नेली. मुलाच्या अंगणात दार पूर्वेला करून ट्रॉली लावली, चाकं स्वतःच्या हाताने काढून गोठ्यात टाकली आणि तीच माती भिजवून चहूबाजूंनी ओटा घातला. दिवळी तिरकी झाली. मामी म्हणाल्या, चालंल. मला हुकूम आला, "जावईबापू, नकाशा काढा." माझ्या आयुष्यातला सगळ्यात लहान नकाशा मी त्या घराचा काढला. ग्रामपंचायतीत नोंद झाली, घरपट्टी लागली. पहिली पावती मामांनी मला दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा मुलीला सासरी धाडलेल्या बापासारखा झाला होता. "वर्साला येक पाय पडतोय कोकराचा," एवढंच म्हणाले.

पुढची दांडी मात्र त्यांनी काढली नाही. "येवढं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. घर कायमचं बसलं आणि त्याच्या पोटातून ती लोखंडी दांडी तेवढी अंगणात बाहेर आलेली. मामी तिच्यावर लुगडं वाळत घालायच्या. मामा संध्याकाळी तिच्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभे राहायचे, आणि अधूनमधून वाकून खालचं गवत बघायचे. ते हिरवं असायचं. मामी बाजूला उभ्या राहून हसायच्या, आणि आता त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मामा जाऊनही आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले, त्या घरात, त्या बाजेवर. मध्यंतरी मी मांडवगणला गेलो होतो. मुलाला अंगणात गाडी आणायची होती, आणि ती दांडी येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडगीला लागते म्हणून त्याने गॅस कटरवाला बोलावला होता. मामींनी त्याला हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ दे तेवढं," म्हणाल्या. तो बिचारा चहा पिऊन परत गेला. ज्या बाईने जन्मभर एका जागी राहायचा ध्यास घेतला, ती आता घर ओढायच्या दांडीसाठी भांडते, हे बघून मला नवल वाटलं. निघताना माझी नजर खाली गेली. दांडीखालचं गवत वाळून पिवळं पडलं होतं.

"मामी, पाणी नाही घातलं?"

"आता न्हाई घालत," त्या म्हणाल्या. दांडीवरची धूळ पदराने पुसली. "पडू दे पिवळं. त्ये बघतील आन् म्हन्तील, चल."

मी पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दिवेलागण झाली म्हणून आत गेल्या.